पेरणीआधीचे तीन महिने

मे सरत आला की पुसद तालुक्यातल्या ओसऱ्यांवर ओल्या गोणपाटाच्या गुंडाळ्या दिसू लागतात. घरच्या सोयाबीनमधले 100 दाणे मोजायचे, दहा-दहाच्या ओळींत गोणपाटावर मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि वरून पाणी शिंपडत राहायचं. आठवडाभराने उलगडून कोंब मोजायचे. 70 उगवले तर बियाणं पेरणीजोगं. थोडे कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी निघाले तर ते बाजूला ठेवायचं. रान कितीही कसदार असो, न तपासलेलं बी मातीत टाकायचं नाही, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

घरात मात्र हा क्रम उलटतो. लग्नाला दोन-तीन वर्षं होऊन पाळणा हलला नाही, की आधी सुनेची तपासणी, सुनेचं औषध, सुनेचे उपवास, सुनेचे नवस. मुलाच्या वीर्याची तपासणी सगळ्यांत सोपी आणि त्यातल्या त्यात स्वस्त. ती यादीत सगळ्यांत शेवटी येते आणि पुष्कळदा येतच नाही. खरं तर मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, कधी एकटं, कधी स्त्रीच्या बाजूच्या कारणाबरोबर. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल 2023 मध्ये सांगितलं की जगातल्या दर सहा प्रौढांमागे सुमारे एकाच्या वाट्याला आयुष्यात कधीतरी वंध्यत्व येतं. ही काही मोजक्या दुर्दैवी घरांची गोष्ट नाही. तरीही ‘वांझ’ हा शब्द गावोगाव बाईसाठीच वापरला जातो.

पुरुषाच्या शरीरात शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात आणि पुढे तो पक्व होऊन बाहेर येईपर्यंत आणखी काही दिवस. सगळे मिळून अडीच ते तीन महिने, म्हणजे सोयाबीनला पेरणीपासून काढणीपर्यंत लागतात जवळजवळ तेवढेच. स्त्रीची बीजं तिच्या जन्माआधीच अंडाशयात तयार असतात, पण प्रत्येक बीज फुटण्यापूर्वी शेवटचे काही महिने वाढीला लागतं. या काळात दोघांनी काय खाल्लं, काय ओढलं, काय चघळलं, शिवारात कशाची फवारणी केली, हे सगळं त्या बीजांच्या घडणीत उतरतं. सुश्रुतसंहितेत गर्भधारणेसाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात असं सांगितलं आहे: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. अंबू म्हणजे पोषण करणारा रस. रूपक सरळ शेतीतलं आहे. त्यातलं क्षेत्र तेवढं लोकांनी लक्षात ठेवलं आणि सगळा दोष त्याच्या माथी मारला.

पोटाचा आणि पाळण्याचा संबंध वऱ्हाडाला फार जुना आहे, आणि तो दुष्काळांनी शिकवलेला आहे. 1905 पर्यंत पुसद हा वाशिम जिल्ह्याचा तालुका होता. तो जिल्हा मोडला तेव्हा पुसद यवतमाळला जोडला गेला. त्याआधीच्या दहा वर्षांत 1896-97 आणि 1899-1900 असे दोन मोठे दुष्काळ वऱ्हाडाने सोसले. संशोधक अरूप महारत्न यांनी भारतातल्या दुष्काळांचा लोकसंख्येवर काय परिणाम झाला यावर काम केलं, त्यात वऱ्हाडच्या जन्ममृत्यूच्या नोंदीही तपासल्या. मृत्यू वाढतात हे सगळ्यांना दिसतं. नोंदींतून दिसतं ते दुसरं: उपासमार तीव्र झाली की त्यानंतर सुमारे नऊ महिन्यांनी जन्म घसरतात आणि पुन्हा पिकं आली की परत चढतात. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन वेढ्यात सापडलेल्या पश्चिम नेदरलँड्समध्ये हेच घडलं. शिधा दिवसाला हजार कॅलरीच्याही खाली गेला, कित्येक बायकांची पाळी थांबली आणि नऊ महिन्यांनी जन्म निम्म्याच्या आसपास उतरले. शरीराला अन्नाची हमी नसेल तर मेंदूकडून अंडाशयाला जाणारा संदेशच मंदावतो. अन्न मिळालं की बहुतेक बायकांमध्ये ते चक्र पुन्हा सुरू होतं.

पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 पासून 1975 पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या काळात संकरित ज्वारी शिवारांत आली आणि 1972 चा दुष्काळही त्याच काळात आला. रोजगार हमीच्या कामांवर फोडलेली खडी, सुकडी आणि बाहेरून आलेली मिलो ज्वारी आज सत्तरी ओलांडलेल्यांच्या आठवणीत पक्की आहे. त्याच काळात भिंतीभिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवले गेले. सरकारी आरोग्य यंत्रणेने पुढची कित्येक दशकं जन्म थांबवण्याच्या कामात घातली. त्या काळाची गरज होती, हे मान्य. पण ज्या जोडप्यांना मूल हवं होतं आणि होत नव्हतं, त्यांच्यासाठी त्या दवाखान्यांत ना रकाना होता, ना सल्ला. ती माणसं देवऋषीकडे गेली, जडीबुटीवाल्याकडे गेली, किंवा गप्प राहिली.

कापसाच्या या मुलखातून गाठी मुंबईच्या गिरण्यांकडे जात होत्या, तेव्हा त्या गिरण्यांतल्या बायकांच्या रक्तातून एक मोठा शोध लागला. 1928 मध्ये इंग्लंडहून लुसी विल्स ही डॉक्टर मुंबईत आली. गिरणीकामगार बायकांना गरोदरपणात एक विचित्र पंडुरोग होत होता: रक्तपेशी कमी, पण नेहमीपेक्षा मोठ्या. विल्सने परळच्या हाफकिन संस्थेत काम केलं, बायकांच्या घरी जाऊन त्या काय खातात ते पाहिलं. सगळ्यांत गरीब बायकांच्या जेवणात भाजी, फळं, दूध जवळपास नव्हतंच. मग तिने यीस्टचा अर्क, बाजारात स्वस्तात मिळणारं मार्माइट, देऊन पाहिला आणि बायका सुधारल्या. 1931 मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. पुढे दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून तोच घटक वेगळा काढला गेला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव फोलिक ॲसिड पडलं. 1991 मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाच्या चाचणीने सिद्ध केलं की फोलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून घेतलं तर बाळाच्या पाठीच्या कण्याचा दोष पुन्हा होण्याची शक्यता 72 टक्क्यांनी घटते. इथे ‘आधीपासून’ हा शब्द महत्त्वाचा. तो कणा गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांत मिटतो. बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.

म्हणूनच मूल हवं असं ठरल्या दिवसापासून बाईने रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची गोळी घ्यावी, हा या साऱ्या विषयातला सगळ्यांत भक्कम सल्ला आहे. ही गोळी स्वस्त आहे. तरी बहुतेक बाया ती पहिल्यांदा हातात घेतात तेव्हा दुसरा किंवा तिसरा महिना चालू असतो.

ताटाचं काय, याची चाचणी मुंबईतच झाली. 2006 पासून 2012 पर्यंत डॉ. रमेश पोतदार आणि साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांच्या चमूने झोपडवस्त्यांतल्या 6513 बायकांना दिवस जाण्याआधीपासून रोज एक खाऊ दिला. प्रकल्पाचं नाव ‘सरस’. निम्म्या बायकांच्या खाऊत पालेभाज्या, सुकी फळं आणि दूध. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा, कांदा यांसारख्या, जीवनसत्त्वं आणि खनिजं कमी असलेल्या भाज्या. सगळ्या बायकांचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. पण ज्यांनी दिवस जाण्याच्या निदान तीन महिने आधी सुरुवात केली होती, त्यांची बाळं सरासरी 48 ग्रॅम जड होती. पालेभाजीवाल्या बायकांत गरोदरपणातला मधुमेहही कमी निघाला: 7.3 टक्के, दुसऱ्या गटात 12.4 टक्के. दिवस राहतात की नाही, हे या चाचणीचं मोजमाप नव्हतं, म्हणून तिच्या नावावर तो दावा कुणी करू नये. तीन महिन्यांची गोष्ट मात्र इथेही निघाली. आणखी एक निघाली, जी पुसदसारख्या भागाने जास्त लक्षात घ्यावी. ज्या बायका सगळ्यांत हडकुळ्या होत्या त्यांना या खाऊचा उपयोग दिसला नाही. मुळात पोटच अर्धं असेल तर एका वाटीभर चांगल्या खाऊने भागत नाही.

इथे आपल्या उपवासाचं ताट आठवतं. मूल व्हावं म्हणून घेतलेल्या सोमवारच्या, गुरुवारच्या, चतुर्थीच्या उपवासाला बाई साबुदाणा आणि बटाटा खाते. म्हणजे ‘सरस’मध्ये तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या गटाच्या खाऊच्या जवळचंच काहीतरी. श्रद्धेला हात लावण्याचं कारण नाही. उपवासाला राजगिरा चालतो, शेंगदाणे चालतात, भगर चालते, दूध-दही चालतं. साबुदाण्याऐवजी ते घेतलं तर व्रतही मोडत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. 20.8 टक्के बायका उंचीच्या मानाने हडकुळ्या आणि 23.4 टक्के प्रमाणाबाहेर जड. दोन्ही टोकं बीजाला जाचक आहेत. फार कमी वजनात पाळी अनियमित होते, बीज फुटत नाही. फार जास्त वजनात, विशेषतः पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असेल तर, इन्सुलिन वाढून तोच परिणाम दुसऱ्या वाटेने होतो. अशा बाईचं वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरलं तरी पुष्कळदा पाळी जागेवर येते. 80 किलोच्या बाईला 55 किलोचं व्हायला सांगणारे सल्लागार तिला उगाच घाबरवतात. चार ते आठ किलोंनी सुरुवात होते.

पुरुषांच्या रक्ताबद्दल पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने 2006 मध्ये जे छापलं, ते वाचून आजही दचकायला होतं. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून 441 पुरुष त्यांनी तपासले. 67 टक्क्यांमध्ये बी-12 कमी होतं आणि शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्क्यांमध्ये. पेशींची विभागणी आणि डीएनएची घडण या दोन कामांसाठी शरीराला बी-12 लागतं आणि शुक्राणू तयार होण्याचं सगळं काम त्याच दोन गोष्टींवर उभं आहे. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मटणात असतं, भाजीत नसतं. पुढे याच चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या किशोरवयीन मुलामुलींना बी-12 देऊन त्यांच्या होणाऱ्या बाळांवर काय परिणाम होतो ते पाहण्याची चाचणी उभी केली. मुलींबरोबर मुलांनाही घेतलं, हे या कामाचं मोठेपण. पुसदच्या तांड्यांवर बंजारा घरांत मटण निषिद्ध नाही. सळोई हा बकऱ्याचा पदार्थ तर खास त्यांचा. अडचण असते ती पैशाची आणि वाटणीची. घरात अंडी किंवा मटण आलं की आधी कुणाच्या ताटात वाढलं जातं आणि पातेल्याच्या तळाशी काय उरतं, हे त्या घरच्या बाईला विचारावं.

कापसाने या मुलखाला पैसा दिला, आणि कापसाच्या बीत एक असा पदार्थ आहे ज्याची गोष्ट यवतमाळकरांना माहीत असायला हवी. चीनमधल्या काही गावांत घाण्यावरचं कच्चं सरकीचं तेल खाणाऱ्या घरांत वर्षानुवर्षं मुलंच होईनात, हे 1950 च्या दशकात डॉक्टरांच्या ध्यानात आलं. कारण निघालं गॉसिपॉल, सरकीतलं पिवळं रंगद्रव्य. ते शुक्राणूंची निर्मितीच रोखतं. 1970 च्या दशकात चीनने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून ते आठ हजारांहून अधिक जणांवर वापरून पाहिलं. परिणाम जबरदस्त होता, पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं आणि काहींचे शुक्राणू परत आलेच नाहीत, म्हणून ते सोडून द्यावं लागलं. बाजारातल्या शुद्ध केलेल्या सरकी तेलातून गॉसिपॉल काढून टाकलेलं असतं, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. शुद्ध न केलेलं सरकीचं तेल मात्र स्वयंपाकात वापरू नये.

खाण्यातून पोटात जाणाऱ्या विषापेक्षा इथे अंगावरून आणि श्वासातून जाणाऱ्या विषाचा धोका जास्त आहे. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि 20 हून अधिक माणसं गेली. जे वाचले त्यांच्या पुनरुत्पादनाची चौकशी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. कॅलिफोर्नियात 1977 मध्ये एका कीटकनाशक कारखान्यातल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यात आलं की कुणालाच मूल होत नाहीये. तपासलं तर कित्येकांच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते. ते रसायन वेगळं होतं, पण शरीराची ही दुखरी जागा तीच आहे. मूल हवं असलेल्या घरात त्या तीन महिन्यांत फवारणीचा पंप दुसऱ्या कुणी घ्यावा, आणि तेही जमणार नसेल तर हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण कपडे आणि काम झाल्यावर साबणाने आंघोळ, एवढं तरी व्हावं.

आणि खर्रा. पुसदच्या बसस्थानकापासून शिवारातल्या बांधापर्यंत प्लास्टिकच्या तुकड्यावर सुपारी, तंबाखू, चुना घोटणारे हात दिसतात. मुंबईतल्या वंध्यत्व केंद्रात तपासणीला आलेल्या 638 तंबाखू चघळणाऱ्या पुरुषांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. जितकं जास्त चघळणं, तितकी शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार वाईट. सिगारेटच्या पाकिटावर इशारा बघून तिला नाही म्हणणारा तरुण दिवसाला पाच-सहा खर्रे खातो आणि त्याला व्यसन म्हणत नाही. या लेखातून एकच गोष्ट कुणाच्या मनावर ठसावी असं वाटत असेल, तर ती ही.

औषधाच्या दुकानातल्या पुरुषशक्तीच्या महागड्या पुड्या आणि गोळ्यांबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. अमेरिकेत 2370 जोडप्यांमधल्या पुरुषांना सहा महिने जस्त आणि जास्त मात्रेतलं फोलिक ॲसिड किंवा नुसती बनावट गोळी देऊन पाहिली. 2020 मध्ये निकाल लागला: मूल जन्माला येण्याचं प्रमाण गोळीवाल्यांत 34 टक्के आणि बनावट गोळीवाल्यांत 35. उलट गोळीवाल्यांच्या शुक्राणूंमधला डीएनए जरासा जास्त तुटलेला निघाला. त्याच फोलिक ॲसिडने बाईच्या गर्भाचा कणा वाचतो. गरज कुणाची, कमतरता कुणाला आणि मात्रा किती, यावर सगळं ठरतं.

पूर्ण जेवणाचा पुरावा त्या मानाने बरा आहे, तरी तोही सावधपणे वाचावा लागतो. हार्वर्डच्या संशोधकांनी 17,544 परिचारिकांवर आठ वर्षं लक्ष ठेवलं आणि 2007 मध्ये मांडलं: डाळी-कडधान्यांतली प्रथिनं, भरड धान्यं, सायीसकट दूध आणि कमी वनस्पती तूप असं खाणाऱ्या बायकांत बीज न फुटण्याचा त्रास कमी होता. स्पेनमध्ये 119 तरुणांपैकी काहींना चौदा आठवडे रोज 60 ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट दिल्यावर त्यांच्या शुक्राणूंची संख्या आणि हालचाल सुधारली. मात्र ते तरुण निरोगी होते. जवस, तीळ, शेंगदाणे यांच्यावर अशी चाचणी इथे झालेली नाही. पण अक्रोडातल्या ज्या ओमेगा-3 चं कौतुक होतं, ते जवसात भरपूर असतं आणि जवसाची चटणी या भागात आजीच्या हातची आहे. ज्वारीत 100 ग्रॅममागे सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं आणि 4 मिलिग्रॅम लोह आहे. पॉलिश केलेल्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची किंवा तरोट्याची भाजी, वर जवसाची चटणी आणि ताक, हे कष्टकरी घरचं साधं जेवण हार्वर्डच्या यादीला बरंचसं जुळतं. सोयाबीनच्या मागे लागून शिवारातली ज्वारी आक्रसली, रेशनचा गहू-तांदूळ घरात आला आणि भाकरीची जागा पोळी-भाताने घेतली, हे मात्र या ताटाचं मोठं नुकसान आहे.

ताटाच्या हद्दीबाहेरची कारणंही आहेत, आणि जेवणाच्या आशेवर त्यांच्यासाठी वेळ घालवणं घातक ठरतं. बंद झालेल्या बीजनलिका जवस खाऊन उघडत नाहीत. शुक्राणू शून्य असतील तर डॉक्टरच पाहिजे. आपल्याकडे नलिका बंद होण्यामागे जननमार्गाचा क्षयरोग हे एक मोठं कारण आहे. तो गुपचूप येतो, ना खोकला, ना ताप, आणि मूल होत नाही म्हणून तपासलं तेव्हाच सापडतो. पण इथेही माग काढत गेलं की ताटापाशी येतो. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी क्षयरुग्णांच्या घरच्यांना दर महिन्याला तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वं दिली. 2023 मध्ये निकाल आला: त्या घरांत नव्याने क्षयरोग होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. पोटभर खाणाऱ्या मुलीच्या बीजनलिका अशाही वाटेने वाचतात, आणि हे तिच्या लग्नाच्या कितीतरी आधी घडत असतं.

एक वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी तपासणी करावी, आणि बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनीच. पुरुषाला दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यावा लागतो. तो तासाभरात प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, आणि एका नमुन्यावर निकाल लावायचा नाही. अंगणवाडीच्या वहीत बाईचं नाव गरोदरपणाची नोंद झाल्यावर येतं आणि पोषण आहारही तेव्हापासून सुरू होतो. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ आणि सिन्नर तालुक्यांत पुण्याच्या भारती विद्यापीठाने युनिसेफच्या साथीने आरोग्य खात्याच्या यंत्रणेतूनच गर्भधारणेच्या आधीची काळजी घेऊन पाहिली: मूल हवं असलेल्या बायकांची नोंद, तपासणी, गोळ्या, सल्ला. पुसदच्या अंगणवाडीताईला आणि आशाताईला गावात नवीन सून कोण आली हे सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं. तशा वहीत सुनेच्या नावासमोर तिच्या नवऱ्याचंही नाव लिहिता येईल.

 दिवाळीत ज्याने खर्रा सोडला, त्याच्या शरीरात रथसप्तमीच्या सुमारास जे शुक्राणू असतील ते जवळपास सगळे सोडल्यानंतर घडलेले असतील. मधल्या तीन महिन्यांत शिवारात तुरीच्या हिरव्या शेंगा भरतात, हरभऱ्याचा कोवळा पाला खुडायला येतो, मेथी आणि पालक स्वस्त होतात आणि ज्यांच्या बांधावर अजून ज्वारी आहे त्यांच्याकडे हुरडा भाजला जातो.